निर्जन बेटाचा मोह

नोव्हेंबर उजाडला की बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत रजेच्या अर्जांची गर्दी होते. कूर्ग झालेलं असतं, हंपी झालेलं असतं, गोकर्ण तर दोनदा. मग एखादा पाठीवर सॅक टाकतो आणि एकटाच पोर्ट ब्लेअरचं विमान पकडतो. २०२४ पासून या शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं असलं, तरी बोलण्यात अजून जुनंच आहे. हॅवलॉकच्या झुंबडीत त्याला रस नसतो. जहाजाने पुढे लिटल अंदमान गाठायचं, जमलंच तर ग्रेट निकोबार. मोबाइलला रेंज नको, ओळखीचं माणूस नको, समोर नुसता समुद्र आणि त्यातले जीव. हा माणूस बोलतो तेव्हा सुट्टीपेक्षा शांतीबद्दल, स्वतःशी भेट होण्याबद्दल जास्त बोलतो. आजोबा ज्या ओढीने काशीला गेले असतील, तिच्या जवळपासचंच हे काहीतरी आहे. म्हणून त्याला प्रश्नही धर्माच्या भाषेत विचारावा: या यात्रेचं पुण्य यात्रेकरूला मिळतं हे मान्य केलं, तर तिचा भार कोण वाहतं?

भार वाहणारी एक ठळक मानकरी म्हणजे लेदरबॅक कासवाची मादी. समुद्री कासवांतली ही सर्वांत मोठी जात. मादीचं वजन तीन-चारशे किलो सहज भरतं आणि पाठीवर टणक कवचाऐवजी चामड्यासारखी कातडी असते. अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर ती साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते. भरतीच्या रेषेपलीकडे पोचल्यावर मागच्या दोन वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू उपसते. एक वल्हं आत जाऊन ओंजळभर वाळू काढतं, तेवढ्यात दुसरं बाजूची वाळू झटकून टाकतं. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत असतं. पाहणारा हळहळतो, पण ते रडणं नसतं. शरीरातलं जास्तीचं मीठ ग्रंथींमधून बाहेर पडत असतं. एकदा अंडी घालायला सुरुवात झाली की ती सहसा विचलित होत नाही, त्याआधी मात्र टॉर्चचा झोत पडला किंवा पावलं वाजली तर अंडी न घालताच समुद्राकडे वळते. पिल्लांचं आणखी नाजूक. रात्री बाहेर पडल्यावर ती उजेडाच्या दिशेने धावतात, आणि निसर्गनियमाने तो उजेड समुद्राकडे असतो. किनाऱ्यावर कुणी दिवा लावला की ती उलट्या दिशेला जातात.

म्हणजे बंगळुरूकराचा हंगाम आणि कासवाचा हंगाम एकच.

याच देशातल्या जुन्या श्रमणांना असा पेच पडला होता आणि त्यांनी त्यावर नियम केला. पावसाळ्यात जमीन कोवळ्या गवताने आणि किड्यामुंग्यांनी भरून जाते. चालणाऱ्याच्या पायाखाली जीव जातात. म्हणून जैन साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात आणि एकाच गावी मुक्काम करतात. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची कथाही तशीच आहे: भिक्षू हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत फिरतात अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी पावसाळ्यातली भ्रमंती बंद केली. एरवी ज्यांचा धर्मच चालत राहण्याचा, त्यांनी वर्षातले काही महिने न चालणं हे व्रत मानलं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

न जाण्याची दुसरी परंपरा मराठी माणसाच्या घराजवळची आहे. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, अनेक ठिकाणी पडलेली काटकीही उचलत नाहीत. पुण्याचे माधव गाडगीळ १९७३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे जुन्या बंगळुरूकरांच्या 'टाटा इन्स्टिट्यूट'मध्ये, रुजू झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजूबाजूचं रान तुटून गेलेलं असताना देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत जुनी झाडं टिकून होती. देवाच्या धाकाने ठेवलेलं अंतर जंगलाच्या कामी आलं होतं.

इथवर आलं की घरी बसणं हाच धर्म, असं म्हणावंसं वाटतं. पण नारकोंडमची गोष्ट आडवी येते. अंदमानच्या पूर्वेला सात चौरस किलोमीटरपेक्षाही लहान असलेलं हे ज्वालामुखीचं बेट, आणि जगात फक्त तिथेच आढळणारा धनेश. त्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते. त्या काळी पक्षी अभ्यासायचा म्हणजे आधी मारायचा, आणि ह्यूम यांच्या संग्रहात हजारो कातडी होती. नंतर ते थिऑसॉफीकडे वळले, शाकाहारी झाले आणि पक्षी मारण्याचा त्यांना विटाळ वाटू लागला. १८८५ मध्ये तो प्रचंड संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. गेल्या काही वर्षांत मैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहित नानिवडेकर आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, पण बंदूक न घेता. त्यांच्या मोजणीत धनेशांची संख्या हजाराच्या आसपास निघाली. बेटावर रडार बसवण्याचा तटरक्षक दलाचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नाकारला आणि २०१४ मध्ये मंजूर केला. त्या वादात धनेशाच्या बाजूने बोलता आलं, कारण कुणीतरी कधीतरी तिथे जाऊन आलं होतं.

तेव्हा जाण्याला सरसकट दोष देता येत नाही. खरी खोट आहे ती बेट निर्जन असावं या इच्छेत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी एकटाच उत्तर सेंटिनेल बेटावर उतरला आणि मारला गेला. आपण देवाचं काम करतोय, अशी त्याची श्रद्धा होती. बाहेरचा साधा तापही त्या बेटावरच्या माणसांचा घात करू शकतो, हे त्या श्रद्धेत बसलं नाही. निसर्गप्रेमी प्रवासी त्याच्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो. तरी 'इथे कुणीच नाही' असं तो आनंदाने लिहितो, तेव्हा तिथली माणसं त्यालाही दिसलेली नसतात.

नियोजनाच्या टेबलावरही नेमकं हेच घडतं. ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि वसाहत उभी करायची म्हणून २०२१ च्या जानेवारीत गॅलाथिया खाडीचं अभयारण्य रद्द झालं. हाच लेदरबॅकचा महत्त्वाचा किनारा. २०२२ मध्ये प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी द्यायचं आहे. नकाशावर ते रिकामं दिसतं. प्रत्यक्षात तिथे शोंपेन आदिवासी राहतात. २०११ च्या जनगणनेत ते २२९ होते. निकोबारी कुटुंबांना २००४ च्या त्सुनामीनंतर कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत हलवलं गेलं. आपापल्या जुन्या गावी परतण्याची मागणी ती तेव्हापासून करताहेत. प्रकल्पाला आधी दिलेली संमती त्यांच्या आदिवासी परिषदेने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. एकट्या प्रवाशाला जे रिकामेपण पवित्र वाटतं, तेच प्रकल्पाला सोयीचं वाटतं.

बंगळुरूच्याच दक्षिण फाउंडेशनने आणि टाटा इन्स्टिट्यूटच्या कार्तिक शंकर यांच्या चमूने लिटल अंदमानवर २००८ पासून लेदरबॅकची नोंद ठेवली आहे. काही माद्यांना उपग्रहाचे टॅग लावले, तेव्हा एकाच किनाऱ्यावरून निघालेल्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेने गेल्या, तर काही आफ्रिकेच्या. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हतं. रात्रीच्या गस्तीला बेटांवरचे करेन समाजाचे सहकारी होते. त्यांच्यासाठी तो किनारा साक्षात्काराची जागा नव्हती, रोजच्या कामाची होती.

कोकणात कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि मगच होडी लोटतात. पश्चिम किनाऱ्यावरची सरकारी मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते आणि पौर्णिमा बहुधा त्यानंतर येते. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी मच्छीमार संघटनाच करत आल्या आहेत. ज्यांचं पोट समुद्रावर आहे, तेच थांबायची मुदत वाढवून मागताहेत. हौशी यात्रेकरूसाठी अशी तिथी कुठल्याच पंचांगात नाही. ती वनखात्याने ठरवावी, बेटावरच्या लोकांनी, की तिकीट काढण्याआधी त्याने स्वतः?