लेकींना विलाप शिकवा

शास्त्रपाठ : यिर्मया ९:१७-२१, रोमकरांस पत्र ८:२२-२७



यिर्मया संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायात देवाची एक आज्ञा आहे. ती आपल्या उपासनेत क्वचितच वाचली जाते. यरुशलेमवर संकट येऊन ठेपले आहे. मरण खिडकीतून आत शिरले आहे. अशा वेळी देव सैनिकांना बोलावीत नाही, शहाण्यांची सभाही भरवीत नाही. तो शोक करणाऱ्या बायकांना बोलावणे धाडतो. विसाव्या वचनात तर त्यांच्यावर शिक्षिकेचे काम सोपवतो. लेकीबाळींना विलाप शिकवायचा आणि शेजारणीला शोकगीत द्यायचे, अशी ती आज्ञा आहे.

आपण मुलांना स्तुतिगीते शिकवतो, सुवर्णवचने पाठ करून घेतो आणि ते योग्यच आहे. पण विलाप शिकवावा असे देवाने का सांगावे? दुःख तर न शिकवताच येते. होय, दुःख न शिकवता येते. पण ते दुःख घेऊन कोणाकडे जावे आणि त्याला कोणते शब्द द्यावेत, हे शिकावे लागते. ज्याला ते शब्द मिळत नाहीत तो मनुष्य दारूच्या गुत्त्याकडे वळतो, घरातल्यांवर हात टाकतो, नाहीतर अबोल होऊन आतल्या आत कुढत बसतो.

ही शाळा आपल्या गावांत पूर्वी जात्याशी भरत असे. सांबरा म्हटले की आज लोकांना विमानतळ आठवतो. पण सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या गावांत पिठाची गिरणी येण्यापूर्वी पहाटेचा पहिला आवाज जात्याचा असे. दोघी जणी समोरासमोर बसत, खुंट्याला हात घालीत आणि दळता दळता ओव्या गात. मराठी घरात ती ओवी होती, तर शेजारच्या कानडी घरात ‘बीसुव पद’. दोन्हींमध्ये माहेर होते, दूर दिलेली लेक होती, गेलेले मूल होते, नवऱ्याचा राग होता आणि देवाशी केलेले भांडणही होते. दिवसभर जिचे कोणी ऐकत नसे, तिला ती पहाटेची घटका मन मोकळे करण्यासाठी मिळे. सासूही तेथे अडवीत नसे, कारण ओवीविना दळण सरत नाही हे तिला स्वतःला ठाऊक होते. ऐकता ऐकता शेजारी बसलेली पोर शिकत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात भाषेचा वाद चालला आहे, पण जात्यावरचे दुःख दोन्ही भाषांत सारखेच दळले गेले.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन येथे राहिलेले गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात जमा झाल्या. ज्या बायांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांनी एवढे रचले आणि जपले! पवित्र शास्त्र जात्याला विसरलेले नाही. प्रभू येशूने आपल्या पुनरागमनाविषयी बोलताना एका जात्यावर दळणाऱ्या दोघींचे उदाहरण घेतले (मत्तय २४:४१). आणि देश ओसाड होण्याची खूण सांगताना यिर्मयाने जात्याचा आवाज थांबेल असे म्हटले (२५:१०). आज तो आवाज थांबला आहे. गिरणी आली याचे दुःख नाही, कारण तिने बायांच्या दंडांचे कष्ट वाचवले. पण जात्याबरोबर विलापाची शाळाही बंद पडली. तिच्या जागी आपण काय उभे केले?

आता थोडे दूर दृष्टी टाकू. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आणि टेक्सासच्या कापसाच्या शेतांत, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांची मुले व नातवंडे मजुरी करीत. त्यांच्यातून ‘ब्लूज’ नावाचे गाणे उभे राहिले. हातात एक गिटार घेऊन माणूस दुकानाच्या पायरीवर किंवा रेल्वेच्या फलाटावर गात बसे. रचना अगदी साधी असे. दुःखाची एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, तेव्हा चार्ली पॅटन या गायकाने त्यावर गाणे केले. कापसाच्या किडीवरही त्याने गाणे केले. रिकामा खिसा, दूर निघून जाणारी गाडी, मेलेली आई हेच त्या गायकांचे विषय होते. आपल्या दळणाऱ्या बायांना त्यांची भाषा कळली नसती, पण गाणे कशाविषयी आहे हे विचारण्याची त्यांना गरज पडली नसती.

तेथल्या पुष्कळ मंडळ्यांनी या गाण्याला सैतानाचे संगीत म्हटले. त्या गाण्यांबरोबर दारू आणि अनीती होती हे खरे, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण त्यामुळे कित्येक गायकांच्या जिवाची ओढाताण झाली. सन हाउस हा तरुणपणी उपदेशक होता. पुढे गिटार हाती आली आणि पुलपिट व गिटार यांच्यामध्ये तो दीर्घकाळ ओढला गेला. येथे एली याजकाची आठवण होते. हन्ना मंदिरात ओठ हलवीत मुक्याने रडत होती आणि एलीला ती दारू प्यालेली वाटली (१ शमुवेल १:१३). ज्याने प्रार्थना ओळखावयाची, त्यानेच ती ओळखली नाही. तरी हन्नाने उत्तर दिले, आणि एलीने ऐकून घेतले, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

टेक्सासचा आंधळा गायक ब्लाइंड विली जॉन्सन रस्त्यावर भक्तिगीते गात असे. १९२७ साली त्याने गेथशेमाने बागेतील प्रभूच्या रात्रीवर एक गीत ध्वनिमुद्रित केले. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. केवळ कण्हणे आणि गिटारीची तार आहे. पौल म्हणतो की, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपली रदबदली करतो (रोम. ८:२६). त्या वचनावर याहून चांगले भाष्य आम्हाला माहीत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक आवाज घेतलेली एक तबकडी अंतराळात पाठवली गेली. त्या तबकडीवर या आंधळ्या गायकाचे हेच गीत आहे, आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गाणेही आहे.

शिकागोचा थॉमस डॉर्सी हा उपदेशकाचा मुलगा. तो ब्लूज गाणारा आणि वाजवणारा होता. १९३२ साली तो दुसऱ्या शहरात मंडळीसाठी गाण्यास गेला असता त्याची पत्नी बाळंतपणात वारली आणि लगेच बाळही गेले. त्या दुःखातून त्याने प्रभूचा हात मागणारे एक गीत रचले. ज्या मंडळ्यांना त्याच्या संगीतात ब्लूजचा वास येत होता, त्याही पुढे ते गाऊ लागल्या. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत ते गायले गेले. डॉर्सीने आपले दुःख मंडळीच्या दाराबाहेर ठेवले असते, तर हजारो दुःखितांना ते गीत मिळाले नसते.

आपल्या जवळचेही एक उदाहरण घेऊ. पंडित कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ साली सांबऱ्याजवळच्या सुळेभावी येथे झाला. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षे अंथरुणावरच राहिले. गाणे बंद होते. त्या दिवसांत त्यांच्या कानांवर माळव्यातल्या बायांची गाणी आणि फिरत्या जोगी-भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजने पडत. एवढ्या मोठ्या गवयाने आजारपणात गरिबांना गुरू केले. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा तीच लोकगीते आणि तीच भजने त्यांच्या गाण्यात उतरली. ज्याला आपण केवळ भिक्षेकऱ्याचे गाणे समजतो, ते कोणाच्या तरी अंथरुणाशी देवाने पाठवलेले असू शकते.

येथे कोणी म्हणेल, “ख्रिस्ती मनुष्याने सर्वदा आनंद करावा असे लिहिले आहे ना? रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएलाला तर शिक्षा झाली.” प्रश्न रास्त आहे. पण कुरकुर आणि विलाप यांत मोठे अंतर आहे. कुरकुर करणारा देवाच्या पाठीमागे देवाविषयी बोलतो. विलाप करणारा देवाच्या तोंडावर देवाशी बोलतो. इस्राएल तंबूच्या दारात बसून मिसराची मासळी आठवीत होते (गणना ११). दावीद मात्र ‘किती वेळ’ हा प्रश्न घेऊन थेट देवासमोर उभा राहिला. दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी असाच विलाप आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवाने ते आपल्या ग्रंथातून काढून टाकले नाही. आपल्या प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडताना बाविसाव्या स्तोत्राचा आक्रोश मुखी घेतला. लाजराच्या कबरेशी तो रडला, आणि थोड्याच वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. मग पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने रडू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तरीही पुष्कळ ठिकाणी असे घडते. कोवळे लेकरू पुरून आलेल्या आईला त्याच दिवशी सांगितले जाते, “रडू नका बाई, प्रभूची इच्छा.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ती बाई गप्प होते, आणि पुढच्या रविवारी विजयाच्या गीतात नुसते ओठ हलवते. तिच्यासाठी मंडळीत गीत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या सुपाशी बायांनी हयाती घालवल्या. १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या बोलपटात त्या कामकरी बायांना बोलू दिले. याकोब म्हणतो की, अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते (५:४). बोलपट ऐकू शकतो आणि देव ऐकतो, तर मंडळीने का ऐकू नये?

कोणी असेही विचारील की, जुन्या ओव्यांत विठोबा आहे, राम आहे, त्या आपण कशा घ्याव्यात? याचे उत्तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कृतीने दिले आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंगाचा साचा टाकला नाही. त्याच साच्यात त्यांनी ख्रिस्ताची भक्ती ओतली, आणि तुकोबांचे ऋण मोकळ्या मनाने मानले. आजही आपल्या उपासनेत त्यांची गीते आहेत. ओवीचे भांडे आपले आहे. त्यात काय भरायचे, ते आपल्या हाती आहे.

तेव्हा या महिन्यात तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्या मंडळीत जी सर्वांत म्हातारी बाई आहे तिच्याजवळ बसू. तिला आठवतात त्या ओव्या, मराठी असोत वा कानडी, तिच्याच बोलीत वहीत उतरवून घेऊ, आणि लेकीसुनांना सोबत बसवू. दुसरी, दुःखाच्या घरी गेल्यावर उपदेशाची घाई करणार नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि बिघडले. तिसरी, मध्यस्थीच्या प्रार्थनेत जरा जागा ठेवू. कर्ज, आजार, बेकारी, नवऱ्याची मारहाण, ज्याचे जे असेल ते त्याने देवासमोर सरळ मांडावे, आणि मंडळीने त्यावर उत्तर न देता फक्त ‘प्रभू, ऐक’ एवढेच म्हणावे.

प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात वचन आहे की, देव स्वतः आपल्या लोकांचे डोळे पुसील. ते काम त्याने दूतांवर सोपवलेले नाही. तो दिवस येईपर्यंत अश्रू लपवण्याचे कारण नाही. जो पुसणार आहे, त्याच्याच समोर ते वाहू द्यावेत.

हे प्रभो, जात्याशी गाणाऱ्या आमच्या आयाबहिणींचे तू ऐकलेस. आमचेही ऐक. आम्हाला एकमेकांचे ऐकण्यास कान दे, आणि आमच्या लेकींना तुझ्याजवळ रडण्याचे धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.