पुरावा मागणं म्हणजे अश्रद्धा का?



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या चौतिसाव्या श्लोकावर. ज्ञान हवं असेल तर प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा या तीन गोष्टी लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. पहिली आणि तिसरी आपल्याला लगेच पटते. नमस्काराला आणि सेवेला कोण नाही म्हणेल? मधला परिप्रश्न आला की मात्र आपण बिचकतो.

हा श्लोक आज घ्यायला कारण आहे. 'येशू ख्रिस्त खरंच होऊन गेले का, पुरावा काय?' यावर बरेच व्हिडिओ फिरतात आणि आपल्यातले अनेक जण ते चवीने बघतात. म्हणून आधी वस्तुस्थिती बघू. पौलाची पत्रं येशूंच्या मृत्यूनंतर साधारण २०-३० वर्षांतली आहेत, चारही शुभवर्तमानं त्यानंतरची. बाहेरचे उल्लेख म्हणजे ज्यू इतिहासकार जोसेफस आणि रोमन इतिहासकार टॅसिटस. जोसेफसच्या मजकुरात नंतर कुणीतरी भर घातली, असंही बहुतेक अभ्यासक म्हणतात. या सगळ्यावरून येशू होऊन गेले आणि पिलाताच्या काळात त्यांना क्रुसावर चढवलं, एवढं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यात देव न मानणारेही आहेत. ते मरणातून उठले का, याचा निकाल मात्र इतिहास देत नाही.

आता हीच फूटपट्टी आपल्या अंगणात लावून बघू.

मी भिवापूरचा. आमच्याच नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून तेराव्या शतकात गुजरातेतल्या भडोचहून हरिपाळदेव नावाचा एक तरुण निघाला, असं महानुभाव परंपरा सांगते. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि आयुष्यच पालटलं. हेच चक्रधर स्वामी, महानुभाव पंथाचे संस्थापक. त्यांच्याबद्दल 'पुरावा काय?' असं कुणी विचारलं तर?

मुख्य पुरावा आहे लीळाचरित्र. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून एकेक आठवण गोळा केली आणि नागदेवाचार्यांकडून ती तपासून घेतली. म्हणजे शुभवर्तमानांसारखंच: लिहिणारे भक्त, आधार आठवणींचा. त्यात यादव राजे कृष्णदेव आणि महादेव येतात, आणि हे राजे कोरीव लेखांतूनही आपल्याला माहीत आहेत. म्हणजे ग्रंथातला काळ हवेतला नाही.

मग अडचण कुठे? परंपरेनुसार मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यामुळे पाठ अनेक झाले आणि ते सगळीकडे जुळत नाहीत. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलत्यांचं संपादन १९७८ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला.

पण मला सगळ्यात भावते ती या पोथ्यांची एक सवय. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दुसरीही नोंदवून ठेवायची, आणि ती कुणाची तेही सांगायचं. अशा पाठभेदाला 'वासना' म्हणतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, कॉन्फ्लिक्ट आला म्हणून कुणाचं काम गुपचूप पुसून टाकलं नाही. हे पुसणारे नव्हते, नोंदवणारे होते. ज्याला फक्त गोष्ट पटवून द्यायची असते, तो विसंगती लपवतो. ज्याला सत्याची चाड असते, तो ती उघडी ठेवतो. आणि हे नोंदवणारे परके टीकाकार नव्हते, स्वामींवर जीव असलेली माणसं होती.

प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. तिन्ही एकाच कामात.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हरिपाळदेवांनी देह सोडला आणि चांगदेव राऊळांनी त्या देहात प्रवेश केला, असं परंपरा मानते. कुठलाही ताम्रपट हे सिद्ध करणार नाही. येशूंच्या पुनरुत्थानासारखंच हे. इथे इतिहासाची हद्द संपते. 'शिकवण इतकी सुंदर, म्हणजे घटनाही घडलीच असणार' हा युक्तिवाद लंगडा आहे. आणि 'घटना सिद्ध होत नाही, म्हणजे शिकवण खोटी' हा त्याचाच जुळा भाऊ. महदाइसा स्वामींना प्रश्नांवर प्रश्न विचारायची आणि स्वामी तिला उत्तरं द्यायचे. बाईमाणसाचा प्रश्न ऐकून घेण्याजोगा आहे, हे मूल्य खरं की खोटं ते पोथीच्या कालनिर्णयाने ठरणार नाही. ते आपल्या घरात, आपल्या टीममध्ये रोज ठरतं.

म्हणून मला वाटतं, पुरावा मागण्यात अश्रद्धा नाहीच. दुसऱ्याच्या देवाला पुरावा मागायचा आणि आपल्या देवाची वेळ आली की 'भावना दुखावल्या' म्हणायचं, यात मात्र नक्की काहीतरी खोट आहे. आणि देवाला वाचवायला आपण खोटं बोलायला लागलो, तर वाचवलं नेमकं कुणाला?

आजचा अभ्यास छोटासाच. आपल्या श्रद्धेबद्दलचा असा एक प्रश्न लिहून काढा, जो विचारायची तुम्हाला भीती वाटते. उत्तराची घाई नको. आधी नमस्कार करा, मग जाणत्या माणसाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हातातली सेवा सोडू नका.

जय श्रीकृष्ण. उद्या पुढचा श्लोक.