गुप्त दप्तराची साक्ष

राजकारणाचा इतिहास लिहिणारे पंडित तह, खलिते, मंत्रिमंडळाची टिपणे आणि संसदेतील भाषणे यांची रुजुवात घालण्यात आयुष्य वेचीत आले. परंतु तह करणाऱ्या मंत्र्याच्या हाती प्रतिपक्षाचा फोडलेला सांकेतिक संदेश आधीच येऊन पोचला होता काय, हा प्रश्न त्यांपैकी फार थोड्यांनी विचारला. विचारण्याची सोयही नव्हती. ब्रिटनचे अंतर्गत सुरक्षा खाते, म्हणजे एमआय-५, १९०९ साली उदयास आले असले तरी कायद्याने त्याचे अस्तित्व मान्य झाले ते १९८९ साली; आणि ब्लेचली पार्क येथे जर्मनांची संकेतलिपी उलगडली गेल्याची हकिकत १९७४ साली जगजाहीर होईपर्यंत दुसऱ्या महायुद्धाचे जे इतिहास लिहिले गेले, त्यांत सेनापतींच्या दूरदृष्टीला दिलेल्या श्रेयातील मोठा वाटा वस्तुतः अज्ञात गणितज्ञांचा आणि भाषापंडितांचा होता.

ही उणीव भरून काढण्याचे काम ज्यांनी विद्यापीठीय प्रतिष्ठेला नेऊन पोचविले, त्यांत केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती महाविद्यालयाचे ख्रिस्तोफर अँड्र्यू (जन्म १९४१) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा पहिला ग्रंथ फ्रेंच परराष्ट्रमंत्री देलकासे यांच्या राजनीतीवरील, १९६८ सालचा. परकीय वकिलातींच्या तारा फ्रेंच सरकार उलगडून वाचीत असे आणि त्या वाचनाचा परिणाम त्याच्या धोरणावर होत असे, हे त्या काळाचा अभ्यास करताना त्यांना दिसून आले. १९८४ साली डेव्हिड डिल्क्स यांच्यासह संपादिलेल्या ग्रंथात त्यांनी गुप्तवार्तेला राजकीय इतिहासाची हरवलेली मिती म्हटले, पुढील वर्षी ब्रिटिश हेरखात्याच्या घडणीचा इतिहास लिहिला आणि १९८६ साली मायकेल हँडल यांच्या सहकार्याने या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले.

परंतु ज्या विषयाची अस्सल साधने कुलपात आहेत, त्याच्या अभ्यासकाला कुलपाच्या धन्याची मर्जी तरी संपादावी लागते किंवा आतून निसटलेल्या कारकुनाची वाट तरी पाहावी लागते. अँड्र्यू यांच्या वाट्याला दोन्ही आले. केजीबी या सोव्हिएत हेरखात्याच्या परदेश विभागाचे दप्तर मॉस्कोतील लुब्यांका या मुख्यालयातून यासेनेवो येथील नव्या इमारतीत हलविण्याची देखरेख वासिली मित्रोखिन या अधिकाऱ्याकडे होती. १९७२ पासून सुमारे बारा वर्षे तो त्या कागदांवरून गुपचूप टिपणे काढीत होता आणि ती आपल्या ग्रामीण घराच्या तळाशी लपवीत होता. १९९२ साली तो टिपणांसह ब्रिटनला आला. अँड्र्यू यांनी त्यांवर आधारलेले दोन खंड १९९९ आणि २००५ साली प्रसिद्ध केले. दुसरीकडे एमआय-५ ने त्यांना आपला अधिकृत इतिहासकार नेमले, सुमारे चार लाख नस्त्या त्यांच्यापुढे खुल्या केल्या, आणि त्या खात्याच्या शताब्दीच्या वर्षी, २००९ साली, त्यांनी लिहिलेला त्याचा बृहद् इतिहास बाहेर पडला. सरकारच्या सनदेने लिहिणारा मनुष्य निःस्पृह कसा राहील, हा आक्षेप अर्थातच घेतला गेला. मला त्याहून गंभीर वाटते ते हे की, ज्या नस्त्यांचा दाखला तो इतिहासकार देतो, त्यांपैकी कित्येक वाचकाला मागूनही मिळत नाहीत, आणि म्हणून प्रमाणाची जागा विश्वासाला घ्यावी लागते.

या अडचणीवरील उतारा अँड्र्यू यांच्याच लेखनात सापडतो, ही त्यांची थोरवी. केजीबीतून फुटलेल्या ओलेग गोर्दियेव्हस्की यांच्यासह लिहिताना त्यांनी १९८१ सालच्या 'रायन' मोहिमेचे वर्णन केले आहे: पाश्चात्त्य राष्ट्रे अकस्मात अण्वस्त्रहल्ला करणार, अशी धास्ती मॉस्कोने घेतली, परदेशांतील हस्तकांना त्या हल्ल्याची चिन्हे टिपण्याचा हुकूम सुटला, आणि स्वतःचा ज्यावर विश्वास नव्हता असे वृत्तान्त त्यांनी वरिष्ठांच्या समाधानार्थ पाठविले, ज्यांच्या योगाने मूळची धास्ती अधिकच बळावली. हेराचा अहवाल हा सत्याचा उतारा असण्याआधी चाकराने धन्याला सादर केलेली कैफियत असतो, हा त्यातील बोध.

तो बोध भारतीय वाचकाने आपल्या घरच्या प्रकरणाला लावावा. मित्रोखिनच्या २००५ सालच्या खंडात भारतावर दोन प्रकरणे आहेत. १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत आपण ३,७८९ लेख छापवून आणले, असा केजीबीचा दावा त्यांत नमूद आहे. या दाव्यावरून आणि केजीबीने राजकीय पक्षांना पैसे पुरविल्याच्या मजकुरावरून आपल्याकडे पक्षोपक्षांत आरोप-प्रत्यारोपांची राळ उडाली. पण आकडा मोजणारा आणि त्या आकड्यावर शाबासकी मागणारा हात एकच होता, आणि ते लेख वाचून किती वाचकांचे मत पालटले याची गणना कोणत्याही नस्तीत नव्हती, हा विचार त्या गदारोळात मागे पडला. अँड्र्यू यांनी २०१८ सालच्या आपल्या विश्वव्यापी इतिहासात ज्या कौटिल्याची दखल घेतली, त्याने परस्परांस अज्ञात अशा तीन हेरांच्या वार्ता जुळल्याखेरीज विश्वास ठेवू नये, असा दंडक घालून दिला होता. येथे साक्षीदार एकच, आणि तोही मूळ कागदाच्या टिपणाच्या रूपाने बोलणारा.

दुसरा साक्षीदार दिल्लीच्या दप्तरांतच असू शकतो. परंतु ज्या २००५ साली तो खंड निघाला, त्याच साली संमत झालेल्या माहिती अधिकाराच्या कायद्याने, भ्रष्टाचार आणि मानवी हक्क यांसंबंधीच्या आरोपांचा अपवाद करून, इंटेलिजन्स ब्युरो आणि 'रॉ' या भारताच्या गुप्तवार्ता खात्यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. वर्तमान गुपिते राखण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला असतो. पन्नास वर्षांपूर्वीची राखण्याने मात्र शत्रूचे काही बिघडत नाही, आपलाच इतिहास परक्याच्या हाती जातो. ब्रिटनने आपल्या हेरखात्याची कुलपे एका प्राध्यापकापुढे उघडली, ती अपुरी उघडली, आणि तरीही तेथील नागरिकाला भांडण्यासाठी स्वतःचे कागद मिळाले. आपण मात्र आपल्या लोकशाहीच्या सचोटीचा वाद मॉस्कोच्या कारकुनाच्या टिपणांवर आणि केंब्रिजच्या संपादनावर घालीत राहतो.