कोपऱ्यातला नकाशा : आकलन आणि परावलंबन

व्हिडिओ गेम खेळताना पडद्याच्या एका कोपऱ्यात जो छोटा नकाशा दिसत राहतो, त्याला मिनिमॅप म्हणतात. पडद्याच्या उरलेल्या भागात खेळातील जग असते. कोपऱ्यात त्याच जगाचा सारांश. एका जगाची दोन रूपे एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणारी ही रचना साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. संहिता आणि तिचे विवरण यांचे नातेही याच प्रकारचे आहे. सारांश आकलनाला कोठवर साहाय्य करतो, आणि कोणत्या क्षणी तो आकलनाचीच जागा घेतो, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. एकाने दुसऱ्याच्या वतीने काय पाहावे आणि काय वगळावे, याचा निर्णय येथे अंतर्भूत असल्यामुळे हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही. तो नैतिकही आहे.

या नकाशाची गरज कशातून निर्माण झाली ते प्रथम पाहू. १९८० सालच्या 'रॅली-एक्स' या खेळातील चक्रव्यूह पडद्यात मावत नव्हता. म्हणून बाजूला एक रडार देण्यात आले. १९८१ च्या 'डिफेंडर'मध्ये अशीच एक पट्टी पडद्याच्या माथ्यावर होती. जग दृष्टीच्या चौकटीहून मोठे झाले, तेव्हा नकाशा आला. पुढे १९९७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये हा कोपरा प्रारंभी काळा असे आणि खेळाडूची माणसे जसजशी प्रदेश धुंडाळीत, तसतसा तो उजळत जाई. येथे नकाशा हे खेळाडूच्या भटकंतीचे फलित आहे. तो त्याने मिळविलेला असतो, आणि म्हणूनच त्याच्या स्मृतीशी जोडलेला असतो.

मग याच नकाशाचा जाच का होतो? खेळणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर तीन कारणे स्पष्ट होतात. पहिले, नजर कोपऱ्यात अडकते आणि जग नुसती पार्श्वभूमी होते. दुसरे, खेळाडू वळला की नकाशाही वळत असेल, तर डावे-उजवे तत्काळ कळते. परंतु प्रदेशाचे स्थिर चित्र मनात उमटणे कठीण होते. उत्तर दिशा स्थिर ठेवणारा नकाशा प्रत्येक वळणावर थोडा विचार करावयास लावतो, पण त्या विचारातूनच प्रदेश आपलासा होतो. तिसरे, नकाशा सपाट असतो. शत्रू वरच्या मजल्यावर आहे की खालच्या, हे एकट्या ठिपक्यावरून कळत नाही.

हे तिसरे कारण मला आमच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात प्रथम नीट उमगले. तुळजापूर तालुक्यातील या किल्ल्यात उपली बुरूज नावाचा एक उंच बुरूज आहे. पायऱ्या चढून त्याच्या माथ्यावर उभे राहिले, की तटबंदी, बोरी नदी, नदीवरील बंधारा आणि पलीकडचा रणमंडळ असे सगळे एका दृष्टिक्षेपात येते. परंतु किल्ल्याचे जे वैशिष्ट्य, तो पाणीमहाल, तेथून दिसत नाही. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या या बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात तो आहे. पावसाळ्यात नर आणि मादी या सांडव्यांवरून पाणी कोसळत असते आणि माणूस त्या पाण्याच्या आड, कोरड्या दालनात उभा असतो. कोणताही सपाट नकाशा तेथे एक रेघ दाखवील आणि खाली 'बंधारा' असे लिहील. ते खोटे म्हणता येणार नाही. मात्र तेवढ्यावर समाधान मानणारा पाणीमहालाला मुकेल.

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरून दिसणारे शहर आणि खाली रस्त्यांवरून चालणाऱ्यांचे शहर, असा भेद केला आहे. उंचावरून पाहणाऱ्याला सर्वज्ञतेचा आनंद मिळतो. चालणारा मात्र शहर आपल्या पावलांनी घडवीत असतो. मिनिमॅपचे वेगळेपण असे, की तो या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीवर एकाच वेळी लादतो. खेळाडू चालतही असतो आणि बुरुजावरही असतो. या द्वंद्वात बहुधा बुरूज जिंकतो, कारण तेथे श्रम कमी आणि खात्री अधिक.

येथे नैतिक प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होऊ लागते. नकाशावर कशाचा ठिपका करावयाचा, हे खेळाच्या कर्त्याने ठरविलेले असते. ज्याला ठिपका नाही, ते खेळाडूच्या लेखी अस्तित्वात नसते. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये कोपऱ्यात नकाशा होता. परंतु मुक्कामाचे ठिकाण पात्रांच्या बोलण्यातून आणि रोजनिशीतील नोंदींतून समजून घ्यावे लागे. त्याच मालिकेतील २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर थेट खूण आली. वाट चुकणे कमी झाले. त्याबरोबरच सांगणाऱ्याचे ऐकण्याची गरजही कमी झाली. पात्र बोलत राहते आणि खेळाडू खुणेकडे निघून जातो.

तथापि नकाशा काढून टाकावा, असा सोपा निष्कर्ष यातून निघत नाही. 'पब्जी मोबाईल'सारख्या खेळात पावलांचे आणि गोळीबाराचे आवाज नकाशावर खुणांनी उमटतात. कानाचे काम डोळ्याकडे गेले, अशी हळहळ एखाद्याला वाटेल. पण ज्याला ऐकू येत नाही, किंवा ज्याच्यापाशी चांगले हेडफोन नाहीत, त्याला याच खुणांमुळे खेळात बरोबरीचे स्थान मिळते. शिवाय नकाशा काढून घ्यावयाचा, तर जगानेच वाट सांगितली पाहिजे. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये वारा दिशा दाखवितो. त्यासाठी तेथील गवत आणि पाने तशी रचावी लागली. जग मुके ठेवून नकाशा हिरावणे ही केवळ क्रूरता होय.

हा युक्तिवाद मला माझ्या वर्गाकडे परत आणतो. आमचे विद्यार्थी संहितेऐवजी गाइड वाचतात, अशी तक्रार मी अनेक वर्षे करीत आलो. एकदा पदव्युत्तर वर्गात 'कोसला'विषयी लिहावयास सांगितले. बहुतेकांनी 'अस्तित्ववाद' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात लिहिला आणि पांडुरंग सांगवीकरचा थट्टेचा स्वर जवळजवळ कोणीच ऐकला नव्हता. उत्तरे तपासताना माझ्या ध्यानात आले, की हा ठिपका गाइडमधून आलेला नव्हता. तो माझ्याच व्याख्यानातून आला होता. मी संप्रदायांचा नकाशा आधी काढून दिला होता, आणि ज्याला त्यात खूण नव्हती ते त्यांना दिसले नाही.

आणि तरीही ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्याला नकाशावाचून संहितेत सोडून देणे मला न्याय्य वाटत नाही. ज्यांनी लहानपणापासून पुस्तकांत भटकंती केली आहे, त्यांनाच नकाशाची टिंगल परवडते. म्हणून नकाशा द्यावा की न द्यावा, यापेक्षा तो देणाऱ्यावर कोणते दायित्व येते हे पाहणे अधिक उचित ठरेल.

मराठी परंपरेत या संदर्भात 'स्थानपोथी' या महानुभावीय ग्रंथाचे स्मरण होते. चक्रधरस्वामींचे जेथे जेथे वास्तव्य घडले, त्या स्थानांचे वर्णन या ग्रंथात दिशा, देवळे, दारांची तोंडे यांच्या आधारे केलेले आहे. तो शब्दांत काढलेला नकाशाच आहे. परंतु पोथी वाचून झाली म्हणजे स्थान पाहून झाले, असे ती मानीत नाही. वाचणाऱ्याने तेथे जाऊन नमस्कार करावा, यासाठीच सारी खटपट आहे. नकाशाच्या उपयुक्ततेची कसोटी मला येथे सापडते. जो वाचणाऱ्याला स्थळापर्यंत नेऊन आपल्यावरची त्याची नजर सोडवितो, तो नकाशा उपकारक. जो ती धरून ठेवतो, तो जाचक.

या कसोटीवर माझे अध्यापन पुरेसे उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे. अलीकडे मी 'कोसला' शिकविताना प्रारंभीचे काही तास नुसते वाचन करतो आणि संप्रदायांची नावे नंतर सांगतो. वेळ अधिक लागतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. मात्र वर्गात हसू येते, आणि कोणी तरी विचारते, की हे असे का लिहिले असेल. त्या प्रश्नानंतर मी फळ्याकडे वळतो.