अधिकार कोणाचा पाहावा?

पेडण्यातील वा डिचोलीतील एखादा तरुण म्हापशाच्या दुकानांतून एकेक भाग जमवून घरच्या घरी संगणक जुळवू लागला, की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या निवडीत तो जेवढा चोखंदळपणा दाखवितो, तेवढा एसएमपीएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वीज पुरविणाऱ्या पेटीविषयी सहसा दाखवीत नाही. आणि तरीही ज्याच्या त्याच्या पात्रतेप्रमाणे ज्ञान द्यावे, या अधिकारभेदाच्या जुन्या वादाकडे नव्याने पाहण्यास मला भाग पाडले ते या उपेक्षित पेटीनेच.

अधिकारभेदाचा सिद्धांत आपल्याकडे बहुधा देणाऱ्याच्या सोयीने राबविला गेला. ज्ञान मागणारा पात्र आहे की नाही याची चौकशी व्हायची, मंजुरी देणाऱ्याच्या अखत्यारीत राहायची, आणि या कारभारात कितीएक जिज्ञासूंच्या दरखास्ती उंबरठ्यावरच दप्तरदाखल झाल्या. गुरू श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ असावा, अशी अट घालून मुंडकोपनिषदाने देणाऱ्याचीही परीक्षा सांगून ठेविली आहे, तिचा मात्र आपणांस सोयीस्कर विसर पडला.

उलट पेटी निवडताना हिशेब मुळी घेणाऱ्यापासूनच, म्हणजे वीज घेणाऱ्या भागांपासूनच, सुरू होतो. प्रोसेसरला १२५ वॅट, कार्डाला २००, बाकीच्या भागांना ७५, अशी ४०० वॅटची गरज निघाली, तर थोडी सवड ठेवून ५५० वा ६५० वॅटची पेटी घ्यावी. मोठ्या पेटीने संगणक जळेल ही भीती निराधार होय. ६५० हा आकडा सामर्थ्याची मर्यादा सांगतो, आणि प्रत्येक भाग आपल्या गरजेपुरतीच वीज ओढतो. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र अशी मुभा नाही. पेडण्याच्या पावसाळ्यात लाईट कितीही लपंडाव खेळो, भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून ते सामान्यतः ५ टक्क्यांच्या आत स्थिर राखणे, आणि ते साधेनासे झाल्यास स्वतःच बंद पडणे, ही सर्वस्वी देणाऱ्याची जबाबदारी.

कोणी म्हणेल, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणारा धोंड, म्हणजे देवीचा भक्त, आधी व्रत पाळतो, तेव्हा तयारी घेणाऱ्याचीच नव्हे काय? खरे आहे, पण ते व्रत तो आपणहून पत्करतो, अग्नी त्याची उलटतपासणी करीत नाही.

देणाऱ्याच्या बाजूचा सर्वांत कपटी प्रकार तारांचा. सुट्या होणाऱ्या तारांचे पेटीकडील टोक एका कंपनीचे असूनही पुष्कळदा दुसरीच्या पेटीत बिनबोभाट बसते. आतील पिनांचा क्रम निराळा असला, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणार्धात निकामी होऊ शकते, आणि पेटी व्यवस्थित चालू दिसत असल्याने पहिला ठपका येतो तो घेणाऱ्या बापड्या डिस्कवर.