सतरा सप्टेंबर कुठे आहे?

घरी शिकणाऱ्या मुलासाठी जगाच्या इतिहासाचे पुस्तक घ्यायचे म्हटले की बहुतेक पालक आधी अनुक्रमणिका पाहतात. मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस-रोम, फ्रेंच राज्यक्रांती, दोन महायुद्धे, सगळे आले का? भारताच्या वाट्याला किती पाने आली, हेही पाहतात. मला ही मोजदाद पुरत नाही. भारताला दहाच्या जागी चाळीस पाने मिळाली, तरी मूल जगाकडे परक्यासारखे पाहत राहू शकते. माझ्या मुलीसाठी पुस्तके पाहू लागले तेव्हा निवडीची कसोटी मला आमच्या कोल्हापुरातच मिळाली. पुस्तक उघडायचे आणि विचारायचे : आमच्या गावात जे सापडले, जे घडले, त्याचे हे पुस्तक काय करते?

टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. वीतभरही उंची नाही. दाढीवाला ग्रीक समुद्रदेव, मिळाला तो पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी ते टेकाड खणले आणि सातवाहनकाळातल्या विटांच्या घरांची वस्ती उजेडात आली. मूर्तीपुढे उभे राहिलेले मूल पहिला प्रश्न विचारते तो अगदी रास्त असतो. समुद्राचा देव घाटावर कशाला आला? रोम म्हणजे ब्रिटनपासून फरात नदीपर्यंतचा रंगवलेला नकाशा, एवढेच सांगणारे पुस्तक इथे गप्प बसते. मोसमी वाऱ्यांवर चालणारी जहाजे, मिरी आणि सुती कापड, पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये नोंदवलेली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे आणि घाटमाथ्यावरची पैठण, तेर ही बाजारपेठेची गावे, हे ज्या पुस्तकात आहे ते मुलाच्या प्रश्नाला निदान वाट दाखवते. मूर्ती नेमकी कोणी आणली, व्यापाऱ्याने विकली की कोणी भेट दिली, हे कोणतेच पुस्तक सांगू शकणार नाही. तेही मुलाला कळायला हवे. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, ती सीमा दिसणे हे मी इतिहासशिक्षणाचे मोठे फळ मानते.

दुसरी वाट इटलीत जाते. करवीरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथे १८७४ मध्ये उभारलेली छत्री आजही आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक भारतीयाचा पूल म्हणून ओळखतात. आता पुस्तकातले इटलीच्या एकीकरणाचे प्रकरण काढावे. त्या वर्षी फ्लॉरेन्स हीच इटलीची राजधानी होती, रोम सप्टेंबरात जिंकले गेले होते आणि पॅरिसला प्रशियाच्या फौजांचा वेढा पडला होता. गॅरिबाल्डी आणि बिस्मार्क ही नावे परीक्षेपुरती पाठ करणे वेगळे आणि आपल्या गावचा विशीतला राजा त्या धामधुमीतून वाट काढत येत होता हे उमगणे वेगळे. महाराजांची दैनंदिनी १८७२ साली लंडनला छापली गेली. तिचे संपादन एका इंग्रज अधिकाऱ्याने केले. त्याने काय ठेवले असेल, काय गाळले असेल, हा प्रश्न अकरा वर्षांच्या मुलीलाही सुचतो. अशी दैनंदिनी शेजारी ठेवून वाचता येते तेव्हा छापील प्रकरणाकडे पाहण्याची नजरच बदलते.

पण माझी खरी कसोटी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची.

दुसऱ्या महायुद्धाचे प्रकरण कोणत्याही पुस्तकात १ सप्टेंबर १९३९ ला सुरू होते. हिटलरने पोलंडवर हल्ला केला. ते खरेच आहे. मग मी सतरा सप्टेंबर शोधते. त्या दिवशी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. हिटलर आणि स्टालिन यांच्या दूतांनी ऑगस्टमध्ये केलेल्या कराराला एक गुप्त पुरवणी होती आणि तीत पोलंडची वाटणी ठरली होती. पुढच्या वर्षी फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका-मुले, १९४३ पासून आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत होती, स्काउटची पथके होती. मायदेश हजारो मैलांवर, तिथे परतता येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि पोलिश मुले पंचगंगेच्या खोऱ्यातल्या बराकींत बसून पोलंडचा इतिहास-भूगोल शिकत होती. घराबाहेर फेकल्या गेलेल्या माणसांनी शिक्षण किती निकराने धरून ठेवले, हे पाहिले की मला आजही भरून येते.

ज्या पुस्तकात सतरा सप्टेंबर नाही, त्यात वळिवड्याच्या या लोकांना जागाच नाही. ते आले कुठून हे त्या पुस्तकाला सांगता येत नाही. मात्र ही गाळणूक नेहमी लेखकाच्या आळसामुळे झालेली नसते. ती गुप्त पुरवणी होती हे सोव्हिएत संघाने १९८९ पर्यंत मान्यच केले नव्हते. म्हणून मी पुस्तक कधी छापले तेही पाहते आणि मुलीलाही पाहायला लावते.

छावणी १९४८ मध्ये उठली आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे वसली. तेच आजचे गांधीनगर. लग्नाचे बस्ते बांधायला आपण तिथे जातो. दोन खंडांतली दोन विस्थापने एकाच जमिनीवर एकामागून एक येऊन टेकली. महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ आणि गांधीनगरचा कापडबाजार एकाच दिवशी पाहून झाले, तर महायुद्ध आणि फाळणी ही दोन प्रकरणे मुलाला कधीच सुटी वाटणार नाहीत.

या कसोटीवर जुनी नावेही पारखून घ्यावी लागतात. नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला लिहिलेली पत्रे हा घरी दिलेल्या इतिहासशिक्षणाचा आपल्याकडचा सर्वांत थोर नमुना. आशियाला मध्ये ठेवून लिहिलेला इतिहास, आणि तोही बाप लेकीशी बोलतो तसा. पण पत्रे १९३३ ला थांबतात. गोंब्रिखने १९३५ साली व्हिएन्नात मुलांसाठी लिहिलेला छोटेखानी इतिहास युरोपच्या खिडकीतूनच जग पाहतो. तरीही मी तो घरात ठेवला, कारण म्हातारपणी त्याने शेवटी नवे प्रकरण जोडून आपणच पूर्वी लिहिलेले दुरुस्त केले. असे प्रांजळ पान मुलांच्या पुस्तकात फार विरळा सापडते. साने गुरुजींनी मराठीत आणलेल्या ‘मानवजातीची कथा’ची भाषा मुलाला कवेत घेते, पण ती थोरामोठ्यांच्या चरित्रांतून चालते. सामान्य माणसे तीत मागेच राहतात. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या पहिल्या प्रस्तावनाखंडाचे नाव ‘हिंदुस्थान आणि जग’ असे आहे. तो मुलांच्या हाती देण्याचा ग्रंथ नव्हे. पालकांनी मात्र जरूर चाळावा. आपण जगात कुठे उभे आहोत हे मराठीतून, मराठी माणसाने, शंभर वर्षांपूर्वी विचारले होते.

परीक्षेची चिंता मी फारशी करत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, आणि तिथे जे लागेल ते शेवटच्या दोन वर्षांत होते. लीलाताई पाटलांनी १९८५ साली याच शहरात ‘सृजन आनंद’ ही शाळा सुरू केली. मुले परिसरातून, अनुभवातून शिकतात, हा विश्वास कोल्हापूरला नवा नाही.

तरी या वाटेला एक मर्यादा आहे आणि ती मला टोचत राहते. चीन, आफ्रिका, दक्षिण अमेरिका यांच्यापर्यंत कोल्हापुरातून सरळ वाट निघत नाही. तांबड्या रश्श्यातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतून आली, एवढ्यावर इंका साम्राज्य शिकवता येत नाही. जिथे आपला धागा नाही ते जग बिनमहत्त्वाचे, असे मुलाच्या मनात बसले तर सगळे मुसळ केरात. तिथे प्रवाशांचा आधार घ्यावा असे मला आता वाटते. इब्न बतूता तुघलकाच्या चाकरीत होता, दौलताबादला येऊन गेला, मराठ्यांविषयी त्याने लिहिले, आणि पुढे १३५२-५३ मध्ये सहारा ओलांडून मालीच्या राज्यात पोहोचला. त्याने सांगितले ते दुसऱ्याने लिहून घेतले आहे आणि त्याच्या चीनच्या हकिगतीवर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, तेव्हा तपासायलाही भरपूर आहे. येत्या पावसाळ्यात आम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करणार आहोत : दौलताबाद आधी, टिंबक्टू नंतर.