पहारा आणि प्रामाणिकपणा

भाऊसाहेब : डॉक्टर, माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या रक्तातील कर्करोगाच्या पेशी उपचारांनी दिसेनाशा झाल्या, तो पुन्हा शाळेत जाऊ लागला, आणि नेमक्या याच वेळी रोज रात्रीची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी चुकवू लागला. त्याच्या नकळत मी गोळ्या मोजतो; हा पितृधर्म म्हणावा की विश्वासघात?

डॉक्टर : आपली भीती निराधार नाही. दिसेनाशा झालेल्या पेशी नष्ट झालेल्या असतातच असे नाही. त्या अवशिष्ट पेशींसाठीच हा गोळ्यांचा सुमारे दोन वर्षांचा क्रम असतो. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बाटली उघडल्याची नोंद करणारी झाकणे वापरून केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. त्यात ज्यांचे औषधसेवन 95 टक्क्यांखाली गेले, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका बराच अधिक आढळला.

भाऊसाहेब : म्हणजे महिन्याकाठी दोन गोळ्या चुकल्या तरी संकट! मग पहाराच रास्त. कायद्याने तो अज्ञान आहे. उपचाराचा अखत्यार माझा.

डॉक्टर : अखत्यार आपला असला, तरी गिळणे त्याच्याच स्वाधीन आहे. झाकणाच्या दप्तरी बाटली उघडल्याची नोंद होते, गोळी पोटात गेल्याची नव्हे. शिवाय श्वेतपेशींची संख्या पाहून मी मात्रा ठरवतो. तो गोळ्या चुकवून ‘घेतल्या’ म्हणाला, तर वाढलेली संख्या पाहून मी मात्रा वाढवीन, आणि पुढे धाकाने त्याने ती नियमित घेतली, तर तेच औषध त्याच्या अस्थिमज्जेला अपाय करील. ज्या उपचाराचा सारा हिशेब रुग्णाच्या सत्यकथनावर उभा आहे, तेथे खोटे बोलण्यास भाग पाडणारा धाक हाही एक रोगच होय.

भाऊसाहेब : पण त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखता राखता प्राणच गेला, तर त्या स्वातंत्र्याचे मोल काय?

डॉक्टर : काहीच नाही, म्हणूनच त्याला एकटे सोडा असे मी म्हणत नाही. गोळीने मळमळते का, बरे वाटत असता ती आजाराची आठवण देते का, मित्रांदेखत घेण्याची लाज वाटते का, हे त्यालाच विचारा. वेळ दोघांनी मिळून ठरवा, जवळ बसा, आणि मोजायचे तर त्याच्या समक्ष मोजा.

भाऊसाहेब : आणि तरीही चुकली तर?

डॉक्टर : तर त्याने ते निर्भयपणे सांगावे, एवढी मोकळीक घरात असू द्या. चुकलेली गोळी मला कळली, तर उपाय करता येतो. लपवलेली गोळी मात्र माझ्या विद्येलाच आंधळे करते.